आई-बाबांना घेऊन ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्क: जावं की नको?

वाईकर_सध्या_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आई-बाबा एप्रिलात आलेत, सप्टेंबरअखेर जातील. पहिल्या महिन्यात कॉस्टको, देऊळ, कॅपिटॉल, वटवाघळांचा पूल असं सगळं नेहमीचं दाखवून झालं. आता बाबा सकाळी सहाला मागच्या अंगणात खुर्ची टाकतात आणि लाकडी कुंपणाकडे बघत बसतात. परवा विचारलं, कंटाळलात का? तर म्हणाले, "छे, कंटाळा कसला. इथे नदी नाही का रे कुठे?" म्हटलं, आहे की, कोलोरॅडो, त्या दिवशी पुलावरून बघितलीत ती. "ते तळं आहे," म्हणाले. खोटं नाही. लेडी बर्ड लेक म्हणजे बांध घालून थोपवलेली कोलोरॅडोच, आणि तिथे पोहायलाही बंदी.

बाबांचं पुराण थोडक्यात सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. वय ७१, गाव वाई, घर गणपती आळीत. पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले, तेही धोम धरण व्हायच्या आधीच्या. आमच्याकडे नदीला नुसतं कृष्णा कुणी म्हणत नाही, कृष्णाबाई. आमच्या कॉलनीच्या पूलमध्ये उतरायला मात्र साफ नकार. "औषध घातलेलं पाणी" म्हणतात.

ऑफिसातल्या एकाने इथलं, टेक्सासातलंच, ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्क सुचवलं. (मी स्पेलिंगवर जाऊन 'ग्वाडालुपे' म्हणत होतो, तो हसायला लागला. इथले लोक ग्वाडलूप म्हणतात म्हणे.) ब्लँको गावावरून २८१ नंबरच्या हायवेने खाली गेलं की आमच्याकडून पावणेदोन तास.

आता अडचण. नाव काढल्याबरोबर बायको गप्प झाली. २०२५ च्या ४ जुलैला पहाटे जी नदी चढली आणि केर काउंटीत शंभराहून जास्त माणसं घेऊन गेली, ज्यात शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या, ती हीच ग्वाडलूप. आमची लेक सात वर्षांची आहे. बायको म्हणते, "त्या पाण्यात मी तिला पाय घालू देणार नाही." मला तिचं चूक वाटत नाही आणि बाबांचं कुंपणाकडे बघत बसणंही बघवत नाही.

तर कुणी तिकडे आई-वडिलांना घेऊन गेलंय का? धोका खरंच किती? बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, पाण्यापर्यंत चालवेल का? आईचं आणखी एक निघालंय, "पहिल्यांदा नदीवर जातोय तर ओटी भरायला हवी." याला काय उत्तर देऊ?

खेकडा

बार्टन स्प्रिंग्जला न्या की. घरापासून वीस मिनिटं, बारा महिने पाणी सत्तर फॅरनहाइटच्या आसपास, लाइफगार्ड असतो, आणि झऱ्याचं पाणी आहे, औषधबिवध नाही. नदीचा हट्ट कशाला?

वाईकर_सध्या_ऑस्टिन

खेकडाभाऊ, नेलं होतं. सगळीकडून हिंडून बघितलं आणि विचारलं, "पण हे जातं कुठे?" काँक्रीटचा काठ बघून त्यांना ते नगरपालिकेच्या हौदासारखं वाटलं. पाय बुडवून आले. आईला मात्र फार आवडलं.

हिंडफिरी

वाईकर, मी सॅन अँटोनियोत १९ वर्षं आहे आणि या पार्कात किती वेळा तंबू ठोकला ते मोजणं सोडून दिलंय. सासूबाईंना ७४ व्या वर्षी नऊवारीत त्या पाण्यात बसवलेलं आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी भीतीचं. तुमची बायको म्हणते ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही, पण "तीच नदी" एवढ्यावर सोडूही नका. धरणाच्या वर आहोत की खाली, हे आधी बघायचं. ग्वाडलूप वरून येते ती हंट, केरव्हिल, सेंटर पॉइंट, कंफर्ट अशी. मग हे पार्क. त्याच्या खाली कॅनियन लेक, ज्याचं धरण १९६४ सालचं. आणि धरणाखाली न्यू ब्राउनफेल्स, जिथे सगळी जनता हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून बिअर पीत वाहत असते. तिथलं पाणी धरणवाले सोडतील तेवढं. पार्कातल्या नदीवर मात्र कुणाचाच हात नाही. वर पाऊस पडला की जेवढं येईल तेवढं येणार. तुमच्या बाबांनी धोमच्या आधीची कृष्णा पाहिलीय ना? त्यांना हे एका वाक्यात कळेल.

ही नदी इतक्या झटकन का चढते, तर हिल कंट्रीचा, म्हणजे इथल्या टेकड्यांच्या पट्ट्याचा, सगळा चुनखडीचा कातळ, वर माती बोटभर. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा येते, टेकड्यांवर चढते आणि एका जागी ओतते. मुरायला जागाच नाही. २०२५ ला हंटजवळ पाऊण तासात २६ फूट पाणी चढलं असं सांगितलं गेलं. १९८७ च्या जुलैतही कंफर्टजवळ असाच पूर आला होता, तेव्हा शिबिराहून परतणारी दहा मुलं गेली. म्हणून या पट्ट्याला इथले लोक फ्लॅश फ्लड अ‍ॅली म्हणतात. पार्काच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना केरव्हिलला धो धो पडत असू शकतं. आपल्याकडे घाटमाथ्यावर पडतो आणि पूर खाली देशावर येतो, तसंच.

म्हणून मी काय करते ते सांगते. सरकारच्या भूगर्भ खात्याची नदीवर मोजयंत्रं आहेत, यूएसजीएस नावाने शोधा. दर थोड्या वेळाने आकडा बदलतो, फुकट बघता येतो. एक यंत्र कंफर्टला, म्हणजे पार्काच्या वर, एक स्प्रिंग ब्रँचला, पार्काच्या खाली. स्प्रिंग ब्रँचचं सांगतं आत्ता नदीत किती पाणी आहे, आणि कंफर्टचं सांगतं मागून काय येतंय. आकडा सीएफएसमध्ये असतो. घाबरू नका, तो आपला क्युसेकच आहे. "खडकवासल्यातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग" वाचत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतली नदी वाचायला वेगळं शिकावं लागत नाही, ही मला नेहमी गंमत वाटते.

माझा स्वतःचा हिशोब, शास्त्र नव्हे: १०० च्या खाली नदी मरगळलेली, ट्यूबचं बूड गोट्यांना घासतं, पण म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना तेच बरं. १०० ते २५० छान. ३५० च्या वर मी सात वर्षांच्या मुलीला काठावर ठेवते. आणि आकडा कितीही असो, कंफर्टची रेघ वर चढत असेल तर मी गाडी काढतच नाही. रात्री राहणार असाल तर हवामान खात्याचा रेडिओ घ्या, वीस-तीस डॉलरचा. माझ्या फोनला तिथे खालच्या अंगाला रेंज येत-जात असते.

आता जागेचं. बर्नीहून (स्पेलिंगवर जाऊ नका, बोअर्न नाही, बर्नी) ४६ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला १३ मैल, किंवा तुम्ही २८१ ने येताय तर ४६ ला लागून पश्चिमेला आठ मैल. मग पार्क रोड ३१. साधारण १९०० एकर जागा आणि चार मैल नदीकाठ. दोन्ही काठांना बॉल्ड सायप्रसची झाडं आहेत, ती बघायलाच मी जाते. आपल्या नदीकाठच्या उंबरासारखी मुळं पाण्यात सोडून उभी. पानं पिसासारखी, हिवाळ्याआधी विटकरी होऊन गळतात, म्हणून टकली. एका बाजूला चुनखडीचे उभे कडे, आणि नदीला अधूनमधून खळाळ. दोन खळाळांच्या मध्ये संथ पाणी. बाबांची जागा तीच.

गुडघ्याचं: दिवसाच्या सहलवाल्यांच्या पार्किंगपासून पाण्यापर्यंत उतार आहे. लांब नाही, पण परत चढावा लागतो, हे जाताना कुणाच्या लक्षात येत नाही. काठी आणि घडीची खुर्ची न्याच. मागे पट्टा असलेले बूट हवेत. चपला पहिल्याच धारेला न्यू ब्राउनफेल्सला पोचतात. तळाचा कातळ शेवाळलेला आहे, दगडावर पाऊल देऊ नका, दगडांच्या मधल्या वाळूत द्या.

पैसे: मोठ्यांना माणशी ७ डॉलर, बारा वर्षांपर्यंतची मुलं फुकट. तुम्ही चौघं मोठे म्हणजे २८. वर्षाचा पास ७० डॉलर, त्यात गाडीतले सगळे जण येतात आणि राज्यातली सगळी स्टेट पार्कं चालतात. सप्टेंबरपर्यंत आहेत तर तिसऱ्या फेरीला वसूल. पण पास असला तरी दिवसाचं आरक्षण आधी करा, महिनाभर आधीपासून मिळतं. शनिवारी न बुक करता गेलात तर फाटकावरून परत. तंबूची जागा पाच महिने आधीपासून मिळते आणि तितक्याच आधी संपते.

लाइफगार्ड नाही. चारचौघांत दारू प्यायला स्टेट पार्कात बंदी आहे, त्यामुळे धरणाखालचा तो गोंगाट इथे नाही. लेकीला मासे धरायचे असतील तर स्टेट पार्कात काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. लाल मुंग्यांची वारुळं बघून चादर पसरा. तीन-तीन पानांच्या चकचकीत वेलीला हात लावू नका. आणि मेमध्येच आलात तर सकाळी कान उघडे ठेवा. तिथे पिवळ्या गालांचा एक वॉर्बलर नावाचा पक्षी असतो, जगात फक्त टेक्सासात घरटं करतो, तेही जुन्या जुनिपरच्या सालीचे धागे काढून. ज्या 'सीडर'ने ऑस्टिनकर जानेवारीत शिंकून बेजार होतात ना, तेच झाड.

दोन_पोळ्या

वीकेंडला अजिबात जाऊ नका. मागच्या जूनमध्ये गेलो होतो, नदीपेक्षा ट्यूब जास्त. शेजारच्यांच्या स्पीकरवर एक गाणं, पलीकडच्यांच्या दुसरं. आम्ही मधे बसून थालीपीठ खाल्लं आणि आलो. त्यापेक्षा पर्डनॅलिस फॉल्स बघा, ऑस्टिनहून जवळ, गर्दी विखुरते, खडक तर असा की बघत राहावं.

हिंडफिरी

दोन_पोळ्या, गर्दीचं शंभर टक्के मान्य. पण पर्डनॅलिसला मुख्य धबधब्यात उतरायला बंदी आहे. पोहायची जागा वेगळी, खाली, आणि तिथून परत वर येताना माझीच दमछाक होते. कुरकुरत्या गुडघ्याला नको. शिवाय तीही नदी झटकन चढणारीच, तिथे त्यासाठी भोंगे लावलेत. गुडघ्यासाठी दुसरा पर्याय हवाच असेल तर २८१ वरच ब्लँको स्टेट पार्क आहे. लहानसं, ३० च्या दशकात बांधलेलं, छोटे बंधारे, पायऱ्या, जवळजवळ घाटच. पण बाबा परत "हे अडवलेलं आहे" म्हणतील.

काठावरची_सुलू

ओटीबद्दल: कृपया नारळ, खण, हळदीकुंकू काहीही पाण्यात सोडू नका. देवभोळेपणावर टीका नाही, माझी आईही हेच करते. पण मी पंचगंगेच्या काठची आहे, निर्माल्याने नदीचं काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. तिथे तर पार्कवाले दंडही करतील.

खेकडा

सुलूताई, एका फुलाने ग्वाडलूप मरत नाही हो.

काठावरची_सुलू

पंचगंगेलाही प्रत्येकाने एकच वाहिलं होतं.

वाईकर_सध्या_ऑस्टिन

सगळ्यांचे आभार, हिंडफिरींचे विशेष. आता पुढची हकिगत.

मेच्या तिसऱ्या शनिवारचं बुकिंग केलं. पुरणपोळ्या नको म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी ठरली. गुरुवारी रात्री आमच्याकडे थेंब नाही. शुक्रवारी सकाळी सवयीने आकडा बघितला, सोमवारपासून बाबांना रोज वाचून दाखवत होतो. "आज १३२." "आज १२८." ते मान डोलवायचे, जणू शेअर बाजार. शुक्रवारी कंफर्टची रेघ भिंतीसारखी सरळ वर. हजाराच्या पुढे. स्प्रिंग ब्रँच अजून १३० वर निवांत.

मी म्हटलं, उद्यापर्यंत उतरेल कदाचित. बाबांनी चष्मा लावला, लॅपटॉप जवळ ओढला, आलेख बघितला आणि म्हणाले, "हे अजून पोचायचंय. उद्या आपण जेवायला बसू तेव्हा पोचेल." विषय संपला. पुऱ्या अंगणात बसून खाल्ल्या. शनिवारी दुपारी स्प्रिंग ब्रँचचा आकडा सातशेवर होता. मी स्क्रीन बायकोला दाखवली. तिने बराच वेळ बघितली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "म्हणजे आधी कळतं." बाबांनी तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं, "दिवसा कळतं. रात्री झोपलेल्याला नाही कळत. राहायला जायचं नाही."

तेव्हा तंबू रद्द. दिवसाची सहल, आणि शाळा संपल्यावर मधल्या वारी.

हिंडफिरी

बाबांना माझा नमस्कार सांगा. मी १९ वर्षांत जे शिकले ते त्यांनी एका आलेखात सांगितलं. तुमच्या पुऱ्यांचं वाईट वाटलं.

वाईकर_सध्या_ऑस्टिन

काल, बुधवारी, जाऊन आलो. लिहितो, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

सकाळी साडेसहाला निघालो, आठ वाजून वीस मिनिटांनी फाटकावर. आकडा ११८, कंफर्टची रेघ आडवी. वर्षाचा पास काढला. पार्किंगमध्ये मोजून नऊ गाड्या. उतार हिंडफिरींनी सांगितला तसाच, बाबा काठी टेकत आपले आपण उतरले. मी हात द्यायला गेलो तर "तू टोपली धर" म्हणाले.

खाली पोचल्यावर मला वाटलं आता पाण्यात शिरतील. नाही. खुर्ची उघडायला सांगितली आणि वीस मिनिटं नुसते बसून राहिले. मग उठून एक वाळकी काटकी उचलली, पाण्यात टाकली, ती कुठे जाते ते बघितलं. दुसरी जरा आत टाकली. ती मध्ये गेल्यावर वेगाने निघाली आणि समोरच्या कड्याला लागून वळली. "आपण या अंगाला. त्या कड्याखाली डोह आहे, तिकडे पोरीला सोडायचं नाही." समोर पाण्याचा रंग खरंच गडद हिरवा होता. मला तोवर ते फक्त सुंदर दिसत होतं.

मग झाडाकडे वळले. एक सायप्रस होता, बुंधा आम्हा तिघांच्या कवेत येईना. बाबा त्याच्या मुळांकडे नाही, वर बघत होते. दुबेळक्यात, माझ्या डोक्याच्या दुपटीहून वर, वाळकं गवत आणि काटक्यांचा गठ्ठा अडकला होता, अगदी पक्ष्याने बांधल्यासारखा. मी म्हटलं घरटं असेल. "घरटं नाही. पाणी." त्यांनी काठी उंच धरून दाखवलं, काठी संपली तरी गठ्ठा वरच होता. बायको शेजारी उभी होती. कुणी काही बोललं नाही. लेकीने विचारलं, "आजोबा, पाणी इतकं वर कसं गेलं?" तर तिला ढोल्या गणपतीची गोष्ट सांगितली, की आमच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पूर आला की पाणी तिच्यावर फुटतं आणि दोन्हीकडून निघून जातं. झाडालाही तसंच उभं राहायला लागतं म्हणाले, फक्त त्याला मासा कोण बांधून देणार.

ओटीचं सांगायचं राहिलं. सुलूताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला होता. तिने तोंड वाकडं केलं, पण नारळ घरीच ठेवला. गाडीत मी तिला नदीच्या नावाचं सांगितलं: १६८९ साली अलोन्सो द लेऑन नावाचा स्पॅनिश सरदार इकडे आला, त्याने ग्वाडालुपेच्या मेरीमातेवरून हे नाव ठेवलं. आई म्हणाली, "म्हणजे हीपण बाईच." घोटाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळ भरून घेतली, डोळ्यांना लावली आणि तेच पाणी परत नदीत सोडलं. लेकीनेही केलं, चार वेळा, कारण तिला ते खेळ वाटलं.

बाबा पावणेदहाला उतरले. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी, पायात पट्ट्याचे बूट, ज्यांना त्यांनी आठवडाभर नावं ठेवली होती. पाणी मांडीइतकं झालं तिथे थांबले आणि पाठीवर आडवे झाले. मी आयुष्यात बाबांना पोहताना बघितलेलं नाही. माझ्या जन्मानंतर ते कधी नदीत उतरलेच नव्हते, वाईचं पाणी तेव्हा तसं राहिलं नव्हतं. मला वाटलं होतं हात मारतील, दाखवतील. त्यांनी काहीच केलं नाही. कान पाण्यात, डोळे मिटलेले, पोटावर हात. एक कासव तीन-चार फुटांवर दगडावर चढून बसलं तरी त्यांना पत्ता नव्हता. मी खालच्या अंगाला उभा राहून वाहत आले की खांद्याला धरून परत वर ढकलत होतो, लहान होडीसारखं. असं तासभर चाललं. बायको लेकीला घेऊन काठाशी गुडघाभर पाण्यात बसली होती. तिची नजर वरच्या वळणावर होती, पण बसली होती.

उपयोगाच्या गोष्टी: अकरानंतर गर्दी वाढली, पण त्रास झाला नाही. झाडाखालची बाकं साडेनऊपर्यंत संपतात. पिण्याचं पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट न्या, आम्हाला कमी पडलं. लाल मुंग्या बायकोला चावल्या, चादर बघूनच पसरली होती तरी. चढताना बाबा दोनदा थांबले आणि दुसऱ्यांदा मी धरलेला हात त्यांनी सोडवला नाही. पक्ष्याचा पत्ता नाही, बहुधा उशीर झाला.

येताना ब्लँकोला चहासाठी थांबलो. बाबांनी खिशातून एक वाळकी काटकी काढून डॅशबोर्डवर ठेवली. ती सायप्रसची निघाली. पार्कातून काही उचलून आणायचं नसतं हे मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मग पुढच्या बुधवारी परत नेऊन टाकू."

काठावरची_सुलू

ओंजळीचं वाचून बरं वाटलं. आईंना सांगा, पुढच्या वेळी कोल्हापूरला गेले की मीही असंच करणार.

हिंडफिरी

पुढच्या बुधवारी कितीला? मी बर्नीकडून येते, भडंग आणते. आकडा आदल्या रात्री इथे टाका.

वाईकर_सध्या_ऑस्टिन

साडेआठला, त्याच झाडाखाली. आकडा बाबा सांगतील, लॅपटॉप आता त्यांच्याकडेच असतो.